पावसाळा लागला तरी लेक चेहऱ्यावरचा दुपट्टा काढत नाही. काय करू?

त्रिमूर्तीनगरची आई

नागपुरात उन्हाळ्यात पोरी चेहऱ्याला दुपट्टा बांधून फिरतात. डोळे तेवढे उघडे, बाकी सगळं बांधलेलं. ४५ अंशात त्याशिवाय भागतच नाही, त्यामुळे कोणी वळूनही पाहत नाही. म्हणूनच मार्चपासून जूनपर्यंत माझ्या लक्षात काही आलं नाही. लेक पंधरा वर्षांची आहे, दहावीत. ट्यूशनला जाताना दुपट्टा, येताना दुपट्टा. मला वाटलं, शहाणी झाली, उन्हाची काळजी घेते.

मग पाऊस लागला. जुलैत एका संध्याकाळी धो धो पाणी होतं. ती रेनकोट घालून माझ्या मागे स्कूटीवर बसली आणि आरशात मला दिसलं, टोपीखाली तोच दुपट्टा, ओला होऊन नाकातोंडाला चिकटलेला. श्वास घेतला की कापड आत ओढलं जात होतं, सोडला की फुगत होतं. मी म्हटलं, "अगं काढ नं तो, गुदमरशील." ती म्हणाली, "राहू दे." प्रतापनगर चौकापासून घरापर्यंत ती तशीच आली.

तेव्हापासून मी नीट पाहून राहिली. ट्यूशनमध्येही ती दुपट्टा सोडत नाही, मागच्या बाकावर बसते, हे तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. डबा रिकामा येतो म्हणून मी निश्चिंत होती, तर वॉचमन म्हणाला, ताई, बेबी तर रोज पोळ्या कुत्र्यांना घालते. न्हाणीच्या जाळीवर केसांचा गुंता रोज निघतो. आणि कपाटातलं पॅडचं पाकीट एप्रिलपासून फोडलेलंच नाही. तीन महिने पाळी नाही आणि मला पत्ता नाही. मे महिन्यात घरच्या एका लग्नात सगळ्या बाया तिला म्हणत होत्या, "किती छान बारीक झाली गं!" मला तेव्हा आनंद झाला होता. आता ते आठवलं की पोटात कालवतं.

तिच्या उशीच्या अभ्र्यात एक ट्यूब सापडली. मैत्रिणीने नाव सांगितलं, हिने मेडिकलमधून आणली. आधी महिनाभर गोरी दिसत होती म्हणे. आता उन्हात गेली की चेहरा जळतो, गाल लाल होतात, बारीक पुटकुळ्या येतात. तरी लावतेच.

आता जे सांगायला जड जातं ते. माझं माहेर इतवारीत. बाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मारबत निघते, म्हणजे बाईच्या भल्यामोठ्या पुतळ्याची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत नेतात आणि शेवटी जाळतात. नागपुरात बाईला मारबत म्हणणं ही शिवीच आहे. गेल्या वर्षी भावाच्या गॅलरीत आम्ही वीसेक जण उभे होतो. काळी मारबत अगदी समोर आली आणि नेमकी तेव्हाच माझी लेक आतून पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली. भाचा ओरडला, "अरे, इकडे पण एक काळी मारबत!" सगळे हसले. मी पण हसली. ती सुद्धा हसली, बाटली माझ्या हातात दिली आणि आत गेली. मिरवणूक संपेपर्यंत बाहेर आली नाही. मला वाटलं, गर्दीला कंटाळली असेल.

मी स्वतः सावळी आहे. माझं लग्न रंगावरून दोन वर्षं अडलं होतं. म्हणूनच की काय, ती चालायला लागली तेव्हापासून मी म्हणत आली, "उन्हात खेळू नको, काळी पडशील." दर रविवारी बेसन आणि साय लावून चोळत होती तिला. प्रेमानेच करत होती.

आता रोज रात्री दिवा मालवला की ती विचारते, "आई, मी काळी आहे का? खरं सांग." मी म्हणते, "नाही गं, गव्हाळ आहेस." ती भिंतीकडे तोंड करते. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या प्रश्नाला काय उत्तर देऊ? डॉक्टर कोणता गाठू, त्वचेचा की मनाचा? आणि पोळा तोंडावर आला आहे, तिला यंदा इतवारीला न्यायचं का?

काउंटरमागून

ताई, पोरीच्या मनाबद्दल मी काही सांगू शकत नाही. ट्यूबबद्दल मात्र सांगतो, कारण माझं मेडिकल स्टोअर आहे आणि असल्या ट्यूब मागायला रोज पोरं येतात.

ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यातलं एक नाव जरी दिसलं तरी ते स्टेरॉइड आहे. बरेचदा सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन असतं. डॉक्टरने तपासून थोड्या दिवसांसाठी लिहून द्यायचं हे औषध आहे, रोज गोरं व्हायला लावायचं नाही. सुरुवातीला चेहरा उजळतो, हे खरं, म्हणून तर खपतं. नंतर कातडी पातळ होत जाते, बारीक लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, काही मुलींना गालावर लव वाढते, ऊन सहन होत नाही. तुम्ही जे वर्णन केलं ते तंतोतंत तसंच आहे. म्हणजे दुपट्टा निव्वळ लाजेपोटी नसेल, चेहरा खरोखरच जळत असेल.

एक मोठी गोष्ट. रागाच्या भरात ट्यूब कचऱ्यात टाकू नका. एकदम बंद केली की काही दिवसांत चेहरा आणखी भडकतो आणि पोरीला वाटतं, बघा, क्रीम होतं तेव्हाच बरं होतं. मग ती दुसरी आणते. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, कशी सोडवायची ते तेच ठरवतील.

चिठ्ठीशिवाय ही ट्यूब तिच्या हातात पडायलाच नको होती. ही आमच्या धंद्यातली चूक आहे आणि मला तिची लाज वाटते.

सदरचे काका

मोबाइल काढून घ्या. पंधराव्या वर्षी इन्स्टाग्राम कशाला पाहिजे? दिवसभर फिल्टर लावलेले चेहरे पाहून पोरांची डोकी फिरून राहिली आहेत. आमच्या बहिणी सावळ्याच होत्या, कोणी उपाशी राहिलं नाही.

नववी ब

काका, मी शिक्षिका आहे आणि मोबाइलबद्दल तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामच्या कंपनीचीच आतली कागदपत्रं बाहेर आली होती. दर तीनपैकी एका किशोरवयीन मुलीचं शरीराबद्दलचं दुखणं आपण वाढवतो, असं त्यांच्याच संशोधनात लिहिलेलं होतं. पण हे दुखणं मोबाइलपेक्षा जुनं आहे. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ मध्ये पहिल्यांदा टीव्ही आला. तिथे भरलेलं अंग चांगलं मानत. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी टीव्ही आला तेव्हा आणि तीन वर्षांनी शाळकरी मुली तपासल्या. खाण्याच्या सवयी बिघडल्याची लक्षणं आधी १२.७ टक्के मुलींत होती, १९९८ मध्ये २९.२ टक्के. वजनासाठी ओकारी काढणारी आधी एकही नव्हती, नंतर ११.३ टक्के होत्या. तेव्हा कोणाच्या हातात फोन नव्हता. आणि तुमच्या बहिणींना काय वाटत होतं, ते त्यांना कोणी कधी विचारलं होतं का? मी माझ्या आत्याला विचारलं होतं. ती आता सत्तरीची आहे. १९७० साली मुलाकडच्यांनी तिच्या रंगावर काय शेरा मारला, ते तिने मला शब्दन् शब्द सांगितलं.

मला शाळेत शिकवायला लागून बावीस वर्षं झाली. यात आपण शाळावालेही आहोत. आमच्याकडे आरोग्य तपासणीत एक जण वजन मोठ्याने सांगायचा आणि दुसरा रजिस्टरात लिहायचा. मागे चाळीस मुलं रांगेत. "अडुसष्ट!" म्हटलं की रांग फुटायची हसून. एक मुलगी दर वेळी नेमकी तपासणीच्या दिवशी गैरहजर राहिली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आता काट्याचा आकडा मुलांच्या पाठीकडे असतो, मी स्वतः वाकून पाहते आणि स्वतः लिहिते. चार मिनिटं जास्त लागतात.

आणि मुलग्यांकडेही पाहा. माझ्या वर्गात एक मुलगा होता, कबड्डीत तरबेज. अचानक खेळायचा बंद झाला. कारण काय, तर जर्सी बदलताना त्याच्या छातीवरून कोणी काही बोललं होतं. त्या वयात मुलग्यांची छाती थोडी वाढणं अगदी साधी गोष्ट आहे, बहुतेकांची आपोआप कमी होते, पण हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो घामाघूम होऊन दोन बनियन घालून बसायचा. मग प्रोटीन पावडरचे डबे सुरू झाले. मुली उपाशी राहिल्या तर निदान आईच्या लक्षात येतं. मुलगा जिमला जाऊन राहिला की घरचे कौतुक करतात.

ताई, मारबतीच्या गॅलरीचं वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. यंदा तिला नेऊ नका, एवढंच मला कळतं.

परत जेवणारी

काकू, मी तेवीस वर्षांची आहे, नंदनवनची. पंधरा ते सतरा मी तुमच्या लेकीच्या जागी होती. माझं रंगाचं नव्हतं, मांड्यांचं होतं. पण डबा मी पण टाकत होती. आमच्याकडे गाय यायची.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकते असं वाटतं. "नाही गं, गव्हाळ आहेस" हे ऐकलं की तिला दोन गोष्टी ऐकू येतात. एक, आई खोटं बोलते. दोन, काळी असणं इतकं वाईट आहे की आईला खोटं बोलावं लागतं. माझी आई म्हणायची, "तू कुठे जाडी आहेस?" आणि माझ्या मनात यायचं, म्हणजे असती तर?

तुम्ही सावळ्या आहात ना, मग तसंच सांगा. "हो, सावळी आहेस, माझ्यासारखी." आणि तिथेच थांबा. त्यापुढे "पण डोळे किती छान", "पण नाक चाफेकळी" असलं काही जोडू नका. तो "पण" फार बोचतो. मग विचारा, "आज कोणी काही म्हटलं का?" माझ्यासाठी दार तिथून उघडलं होतं. रोज रात्रीचा तो प्रश्न रंगाबद्दल नसतोच बहुतेक, त्या दिवशी काहीतरी झालेलं असतं.

दुसरं जेवणाबद्दल. उपाशी राहिलेलं डोकं वेगळं चालतं, हे मला फार उशिरा कळलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ती माणसं दिवसभर फक्त जेवणाचा विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचायची, ताटातल्या घासाशी खेळत बसायची, चिडकी आणि एकलकोंडी झाली. त्यांना कोणी जाडं किंवा काळं म्हटलं नव्हतं. हे वाचताना मी रडली, कारण मी रात्री दोन वाजेपर्यंत वडाभाताचे आणि पाटोडीचे व्हिडिओ पाहत होती आणि दिवसाला एक पोळी खात होती. मला वाटायचं, मी वेडी आहे. मी उपाशी होती, एवढंच.

माझ्या घरी काय कामी आलं ते सांगते. आई समोर बसून जेवायची, माझ्या ताटाकडे न पाहता. बोलणं शाळेचं, शेजारच्या मांजरीचं, कशाचंही, फक्त जेवणाचं नाही. वजनकाटा बाबांनी आत्याकडे नेऊन ठेवला. आणि कोणीही घरी आलं की आई दारातच सांगायची, हिच्या तब्येतीबद्दल बरं-वाईट काही बोलायचं नाही. बारीक झाली हे पण नाही. एक मावशी रुसली, सहा महिने आली नाही. चाललं आम्हाला.

समुपदेशक, धंतोली

मी किशोरवयीन मुलांसोबत काम करते, डॉक्टर नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते.

त्वचेचा की मनाचा, या दोन्हींच्या आधी शरीराचा. तीन महिने पाळी नाही, केस गळतात, जेवण टाकलं जातं, ही गोष्ट याच आठवड्यात डॉक्टरला दाखवायची आहे. वयात येताना मुलींच्या कंबरेवर-मांड्यांवर चरबी येते ती शरीराला हवी असते. खाणं तुटलं की शरीर काटकसर सुरू करतं आणि पाळी बंद करतं. पाळी जायला दुसरी कारणंही असतात, तीही तपासून होतील. नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन बघायला सांगा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे पोटभर खाणाऱ्या पोरींचंही रक्त कमी असतं, आणि ही तर डबा टाकते. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, किंवा उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर वाट पाहू नका, थेट दवाखाना.

ती अजून "फार बारीक दिसत नाही" म्हणून कोणी हे उडवून लावलं तर ऐकू नका. अंगाने ठीक दिसणाऱ्या मुलीही खाण्याच्या आजाराने गंभीर होतात.

मनाचे डॉक्टर नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेजात, मेयो रुग्णालयात आणि मिहानमधल्या एम्समध्ये आहेत. बाह्यरुग्ण विभागात मानसोपचार म्हणून कागद काढायचा. खाजगीही भरपूर आहेत. तिला एकदम न्यायला भीती वाटत असेल तर आधी तुम्ही स्वतः टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. सरकारी आहे, मोफत, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलता येतं. तिला तिथे नेताना "तुला काहीतरी झालंय" म्हणू नका. "तुला झोप लागत नाही, मला काळजी वाटते" म्हणा, ते खरंही आहे.

एकच प्रश्न तिला स्पष्ट विचारा. "जगू नये असं कधी वाटतं का?" विचारल्याने मनात नसलेलं येत नाही. हो म्हणाली तर त्या रात्री तिला एकटी सोडू नका आणि लगेच फोन करा.

भाच्याबद्दल. सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका, तो आणखी एक तमाशा होईल तिच्यासाठी. आधी मोठ्यांशी बोला. पोराने ते कुठून उचललं, हे मोठ्यांना माहीत असतं.

त्रिमूर्तीनगरची आई

सगळ्यांचे उपकार आहेत. ट्यूब पाहिली, मोमेटासोन निघालं, बाकीची दोन नावं पण होती. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी एका दमात बंद करू दिलं नाही, साधं मलम आणि सनस्क्रीन दिलं. चौथ्या दिवशी चेहरा टोमॅटोसारखा झाला. काउंटरमागून यांनी आधीच सांगून ठेवलं नसतं तर मीच तिला म्हटलं असतं, लाव बाई जुनी. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. गोळ्या सुरू आहेत. तो एक प्रश्न पण विचारला, हात थरथरत होते माझे. ती म्हणाली, "नाही आई, मला फक्त दिसायचं नाही कोणाला." त्या वाक्यावर मनाच्या डॉक्टरांनी बराच वेळ तिच्याशी एकटीशी बोलणं केलं.

रात्रीच्या प्रश्नाला मी तसंच उत्तर दिलं. "हो, सावळी आहेस, माझ्यासारखी." ती खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तू मला बेसन का लावत होतीस?" मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं, मला भीती वाटत होती. कशाची, ते पण सांगितलं, त्या दोन वर्षांचं, पाहायला येणाऱ्यांचं, सगळं. तिला हे काहीच माहीत नव्हतं. दोन वाजले आम्हाला.

त्रिमूर्तीनगरची आई (पोळ्यानंतर)

इतवारीला गेलो नाही. भावाला फोनवर सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, पोरं आहेत, मस्करी करतात. मी म्हटलं, मस्करीला मी पण हसली होती, म्हणून तर फोन करून राहिली. मग तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी भाच्याने तिला मेसेज पाठवला. तिने अजून उघडला नाही. मी विचारलं पण नाही.

मारबतीच्या दिवशी घरी पाटोडीचा रस्सा केला. टीव्हीवर मिरवणूक दाखवून राहिले होते, मी बंद करायला उठली तर म्हणाली, "राहू दे." दीड पोळी खाल्ली. मग ताटाकडे पाहूनच म्हणाली, "तू पण हसली होतीस तेव्हा." मी म्हटलं, हो, हसली होती, चुकली मी. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. रस्सा मागितला अजून थोडा.

ट्यूशनला दुपट्टा अजून बांधते. घरात आणि स्कूटीवर नाही. मंगळवारी पुन्हा तारीख आहे. पाळी आली नाही अजून. आली की लिहिते.